कोठी आधी रिती व्हावी

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, हरभरा, जवस, तीळ, भादली, सरकी अशी अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजे. दुसऱ्या दिवशी पहाटे वाघ घराण्यातील जाणते या मांडणीत रात्रीतून झालेले बदल पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. त्यावर विश्वास ठेवावा की हवामान खात्यावर, हा ज्याचा त्याचा प्रश्न. इकडचा शेतकरी दोन्हीकडे कान ठेवून असतो. आमचे लक्ष वेधले जाते ते घागरीवरच्या पापड-कुरडईकडे. येणाऱ्या वर्षाचा अंदाज बांधताना पूर्वजांनी शेतातले धान्य आणि घरातले वाळवण एकाच वर्तुळात ठेवले. पीकपाण्याचा आणि स्वयंपाकघराचा हिशेब त्यांच्या लेखी वेगळा नव्हता.

या भागात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. तोवर गहू, हरभरा, तूर घरात आलेली असते आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवण तयार होते. सातपुड्यातून उतरणारे नदीनाले पावसाळ्यात केव्हा रस्ता अडवतील याचा नेम नाही; जुलै २०२३ मधील अतिवृष्टीने जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांनी तो अनुभव पुन्हा घेतला. तेव्हा साठा करणे हा दोष नव्हे. घरात चार दिवसांचा शिधा नसणे हाच निष्काळजीपणा. परंतु त्या जुन्या साठ्याला दोन टोके होती, हे आपण विसरलो. मातीच्या कोठीत धान्य वरून भरत आणि तळाशी बोळा लावलेल्या छिद्रातून काढत. जुने आधी बाहेर पडे, नवे त्याच्या मागे उभे राही. घरात माणसे किती, पाहुणेराहुणे किती, बी-बियाण्याला किती आणि सणावाराला किती, याचे माप घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या डोक्यात असे. नवे भरण्यापूर्वी कोठी झाडून, सारवून घ्यावी लागे. त्यासाठी ती आधी रिकामी होणे भाग होते.

आजच्या कपाटाला खालचे छिद्र नाही. एकावर एक मोफत मिळते म्हणून, सणाची सवलत आहे म्हणून, भ्रमणध्वनीवर बोट दाबले की माल दारात येतो म्हणून आपण वरून भरत राहतो. मागच्या बाजूला अर्धी फोडलेली पोह्यांची पिशवी, खवट झालेले शेंगदाणे, टोके पडलेला रवा, आजीने पाठवलेल्या आणि कोणीच न तळलेल्या कुरडया. या कुरडया टाकून देताना फक्त गहू वाया जात नाही. तीन दिवस गहू भिजवणे, चीक काढणे, तो शिजवणे आणि भर उन्हात गच्चीवर सोऱ्या फिरवणे हेही कचऱ्यात जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून. भारतीय घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. यात साली-देठही धरलेले आहेत आणि जगाची सरासरी ७९ किलो आहे, हे खरे. पण आपण जगापेक्षा बरे, एवढ्यावर समाधान मानण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरील शिते वेचून खाताना. ती कथा पारायणात भक्तिभावाने ऐकणाऱ्या घरातच डाळीचा डबा तारीख उलटली म्हणून उपडा होतो.

महाभारतातील अक्षय पात्राचा अर्थही आपण सोयीने लावतो. सूर्याने युधिष्ठिराला दिलेले ते पात्र कधी न संपणारे खरे. पण द्रौपदीचे जेवण झाले की त्या दिवसापुरते ते थांबे. सर्वांना वाढून, स्वतः जेवून झाल्यावर ते धुवून पालथे पडत असे. अक्षय्यतेची आपल्या परंपरेतील कल्पना भरगच्च कपाटाची नाही.

रा. स्व. संघाने शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन, पर्यावरण आणि स्व-आधारित जीवनशैली हे विषय आहेत. या तिन्हींवर भाषणे पुष्कळ होतात. स्वयंपाकघराच्या कपाटात ते तिन्ही एकत्र भेटतात. फाल्गुन हा त्यासाठी योग्य महिना. होळीपासून तेल, मीठ, दूध, भाजी एवढेच बाजारातून आणावे आणि बाकी घरातले संपवावे. उरलेली ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करावी, तुटक्या कुरडयांची भाजी, सांडग्यांचा रस्सा, मूठमूठ राहिलेल्या डाळींचे एकच वरण. काय उरले याची यादी घरातील पुरुषांनी आणि मुलांनीही करावी. सामान आणताना ते पुढे असतात, संपवायचे कसे याची चिंता मात्र एकट्या गृहिणीवर पडते. याने किराणा दुकानदार बुडेल, अशी भीती कोणी घालील. ज्याच्या घरात धान्य वेळेवर संपते तोच आखाजीला पुन्हा शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या दारी पोते घ्यायला जातो.

एक पळवाट मात्र बंद ठेवावी. नको असलेले, जुने झालेले धान्य सेवावस्तीत नेऊन देणे म्हणजे दान नव्हे. कठोपनिषदातील नचिकेत्याला वडिलांनी दान दिलेल्या भाकड गाई पाहून जे वाटले, तेच घेणाऱ्यालाही वाटते. द्यायचेच तर नव्या पोत्यातले द्यावे. जुने पण चांगले असेल ते आपण खावे. आणि ज्या शेंगदाण्यांना किंवा मक्याला बुरशी धरली आहे, ते काटकसरीच्या नावाखाली शिजवू नये आणि गुरांपुढेही टाकू नये.