फारकतीनंतरचे नाव



गेल्या वर्षी एक ताई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आमच्या घरी आल्या. पॅकिंगच्या कारखान्यात कामाला, कोर्टातून रीतसर घटस्फोट झालेला. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांना प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढायची होती. पण अर्ज परत आला. आधारवर माहेरचे नाव, फंडाच्या खात्यावर नवऱ्याचे आणि बँकेच्या पासबुकावरही नवऱ्याचेच. पैसा ताईंच्या घामाचा, पण कागदाच्या लेखी त्या दोन बाया झाल्या होत्या.

"दादा, मग माझं खरं नाव कोणतं?" त्यांनी विचारले. आम्ही इतकी वर्षे कारकुनी केली, पण त्या प्रश्नाने गप्प झालो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. लग्नानंतर नवऱ्याचे नाव लावलेच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. ती रूढी आहे. म्हणून घटस्फोटानंतर माहेरचे नाव घ्यावे की आहे तेच ठेवावे, हे बाईने स्वतः ठरवायचे. मुलांचे आडनाव तेच आहे म्हणून कित्येकजणी जुने नाव ठेवतात. त्यात कमीपणा काही नाही. मात्र कोर्टाच्या हुकूमनाम्यात किंवा संमतीच्या अटींत नावाबद्दल काही लिहिले असेल, तर ते पाळावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या वस्त्यांत अजून चार माणसे बसवून स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेतात. त्या कागदावर कचेऱ्यांत नाव बदलून मिळेल अशा भरवशावर राहू नका. घटस्फोटाचा हक्क ज्या हिंदू कोड बिलात होता ते रखडवले गेले, आणि 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले त्याचे ते एक मोठे कारण होते. पुढे 1955 चा विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. इतक्या झगड्यातून आलेला हक्क स्टॅम्पपेपरवर का घालवायचा? कोर्टातूनच हुकूमनामा घ्या. त्याच्या सही-शिक्क्याच्या दोन-तीन नकला काढून ठेवा. झेरॉक्सवर काम भागत नाही.

नाव बदलायचे ठरले की राज्य शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटात, ते छापून घ्यावे. अर्ज शासन मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन करता येतो. काही कचेऱ्यांत नुसता हुकूमनामा चालतो, काही ठिकाणी गॅझेटच मागतात. दोन्ही हाताशी असले की हेलपाटे वाचतात. अर्ज भरताना मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंगे दहावीच्या सर्टिफिकेटाशी ताडून पाहा. एक अक्षर चुकले तर सगळा खटाटोप पुन्हा.

मग आधार. त्यावरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून घाई नको. त्यानंतर पॅन, बँक, रेशनकार्ड. पॅनचा नंबर तोच राहतो. मतदारयादीसाठी नमुना 8 भरावा. नोकरी असेल तर मालकाकडून फंडाच्या खात्यावरचे नाव दुरुस्त करून घ्यावे. आमच्या ताईंनी आधार बदलले आणि बाकीचे "बघू नंतर" म्हणून सोडले, तिथेच गाडी अडली.

वारसाचा रकाना विसरू नका. बँक, विमा, फंड, सगळीकडे नवऱ्याचे नाव वारस म्हणून लागलेले असते. तुमचे नाव बदलले म्हणून ते आपोआप निघत नाही. वेगळा फॉर्म भरून ते बदलावे लागते.

जातीच्या दाखल्याची धास्ती बाळगू नका. बाईची जात जन्माने ठरते, लग्नाने वा घटस्फोटाने बदलत नाही. दाखला माहेरच्या नावाचा असेल तर उलट मेळच बसतो. मुलांचे आडनावही आईच्या घटस्फोटाने आपोआप बदलत नाही. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लावणे बंधनकारक झाले आहे, हेही लक्षात असू द्या.

ताईंचे काय झाले? कारखान्याच्या सहीने संयुक्त घोषणापत्र भरले, बँकेत हुकूमनामा दाखवला, तेव्हा रक्कम मिळाली. पण तोवर फीची तारीख उलटून गेली होती. भावाने उसनवारी करून फी भरली, म्हणून पोराचे वर्ष वाचले. प्रत्येकीला असा भाऊ असतोच असे नाही.

म्हणून कोर्टाचा निकाल हाती आला की त्याच आठवड्यात एका वहीत यादी करा: कुठे कुठे आपले कोणते नाव आहे. वस्तीतल्या शिकलेल्या मुला-मुलींनी आपल्या ताई-मावशीला ही यादी करून द्यावी. तासाभराचे काम आहे.

जयभीम.