मागच्या बाकावर कोण बसायचं?

दोस्तांनो, भांडण ऐकायला तुम्हांला आवडतं का? खरं सांगा हं! मला तर फार आवडतं. मारामारीचं नव्हे, वादाचं. दोन्ही बाजू तावातावाने बोलताहेत, आपण मध्ये बसून चहा पितो आहोत आणि दोघांचंही खरं वाटतंय, यासारखी मजा नाही. असा एक झकास वाद मी नुकताच मोलगीला ऐकला.

मोलगी कुठं आहे, ठाऊक आहे ना? नसेल तर नकाशा काढा. महाराष्ट्राच्या अगदी वरच्या टोकाला नंदुरबार जिल्हा दिसेल. १९९८ साली तो धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यातला अक्कलकुवा तालुका शोधा. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून वर गेलं, की सातपुड्याच्या डोंगरांत मोलगी लागतं. तिथून उत्तरेला डोंगर ओलांडत गेलं की नर्मदा. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं इथं येतात. आमचूर, भगर, कोंबड्या, कपडे, भांडी सगळं एका रस्त्यावर मांडलेलं. आणि त्या रस्त्याच्या कडेला एकामागे एक उभ्या जीपगाड्या.

आमची गाडी घाटात तापली होती, म्हणून मी एका गॅरेजात बसून होतो. गॅरेज म्हणजे काय, चार पत्रे, एक चिंचेचं झाड आणि खाली पान्यांची पेटी. भिंतीवर एका गाडीचं मोठं चित्र चिकटवलेलं. काळी कुळकुळीत, उघडी, रुंद चाकांची जीप. त्या चित्राखालीच वाद पेटला होता.

एक होता अकरावीतला मुलगा, दुसरा गॅरेजमधला शिकाऊ पोरगा. दोघंही गाडीवेडे.

"कंपनीनं चूक केली," शिकाऊ म्हणाला. "असली गाडी बंद करतात का कुणी?"

"बंद नाही केली, नवी काढली," अकरावीवाला म्हणाला.

"ती नवी? ती तर मोटार आहे. जीप नाही!"

झालं! मी स्टूल पुढं ओढलं.

गाडी कुठली, ते ओळखलंत ना? महिंद्राची थार. पण वाद नुसत्या थारचा नव्हता, तर जुन्या थारच्या शेवटच्या ७०० गाड्यांचा होता. त्याची गोष्ट आधी सांगतो.

स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४९ साली, मुंबईत माझगावला महिंद्रा कंपनीने परदेशातून सुटे भाग आणून ७५ विलीज जीप जोडल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने जगभर पळवली, तीच ही जीप. पुढे ती इथंच बनू लागली. तिची नावं बदलली, इंजिनं बदलली, पण रूप तेच राहिलं. पुढे उभ्या फटींची जाळी, दोन गोल दिवे, वर कापडी हूड आणि मागे समोरासमोर दोन आडवी बाकं. २०१० साली या घराण्यात थार जन्माला आली. राजस्थानच्या वाळवंटाचं नाव तिला मिळालं. तिच्या मोठ्या इंजिनाची ताकद होती १०५ अश्वशक्ती.

मग २०१९ च्या जूनमध्ये कंपनीने जाहीर केलं, की आता या रूपातल्या शेवटच्या फक्त ७०० गाड्या. नाव 'थार ७००'. १९४९ पासूनच्या ७० वर्षांची ती आठवण. काळा आणि निळा असे दोनच रंग, वेगळी चाकं आणि अंगावर आनंद महिंद्रा यांच्या सहीचा बिल्ला. दिल्लीतली शोरूमची किंमत ९ लाख ९९ हजार रुपये. ७०० संपल्या की खेळ खलास!

"इंजिन तेच, गिअर तेच," अकरावीवाला म्हणाला. "नुसत्या बिल्ल्याचे कसले पैसे? निरोपाच्या नावाखाली दुकानदारी!"

"मग काय झालं?" शिकाऊ उसळला. "आजोबांची शेवटची चिठ्ठी आपण जपून ठेवतोच ना? कागद तर साधाच असतो!"

वा! मी मनातल्या मनात टाळी दिली. पण तुम्ही विचाराल, एवढं जपण्यासारखं त्या गाडीत होतं काय? ती वेगवान तर नव्हती. शर्यतीच्या गाड्या तिच्या पुढून भुर्रकन निघून गेल्या असत्या.

हाच तर गंमतीचा भाग आहे. गाडीची करामत म्हणजे दर वेळी वेगच असतो असं नाही. मोलगीच्या वरच्या पाड्यांकडे पावसाळ्यात जाऊन बघा. चिखल, दगड, ओढा, पुन्हा चढ. तिथं ताशी शंभरच्या वेगाचं काय लोणचं घालायचंय? तिथं लागते ती मुंगीच्या पावलाने, पण न थांबता चढत राहायची ताकद. फोर बाय फोर म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना. शिवाय एक खास हळू गिअर. आणि २०१५ साली थारच्या मोठ्या इंजिनवाल्या गाडीला मागच्या चाकांसाठी आणखी एक युक्ती मिळाली.

ती युक्ती अशी. साध्या गाडीत मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. पण एक चाक खड्ड्यावर अधांतरी लटकलं, तर तेच नुसतं गरगर फिरत बसतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म! थारमध्ये अशा वेळी दोन्ही चाकं आपोआप एकमेकांना जखडली जात आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढून काढी. शिकाऊ पोरानं मला हे दोन बाटल्यांची झाकणं आणि एक काडी घेऊन करून दाखवलं. परीक्षेत विचारलं असतं, तर दहापैकी दहा!

"मग अशी गाडी बंद का केली?" मी विचारलं.

"सरकारमुळे," शिकाऊ म्हणाला.

"नियमांमुळे," अकरावीवाल्याने दुरुस्त केलं आणि बोटं मोडत सांगू लागला. मी नंतर ताडून पाहिलं, पठ्ठ्याचं बरोबर होतं. १ ऑक्टोबर २०१९ पासून जुन्या घडणीच्या मोटारींनाही समोरून आणि बाजूने टक्कर देऊन पाहण्याची चाचणी पास होणं सक्तीचं झालं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीने किती धूर सोडायचा याची मर्यादा. आपण चारवरून एकदम सहावर उडी मारली, पाच गाळलंच. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे नायट्रोजनचे ऑक्साइड पाव ग्रॅमपर्यंत चालत होते, ते ०.०८ ग्रॅमवर आले. इंधनातलं गंधकही दहा लाख भागांत ५० भागांवरून १० वर आणलं. जुनी थार या सगळ्यात बसवायची, तर ती जवळजवळ नव्यानंच आखावी लागणार होती.

आणि तसंच झालं. १५ ऑगस्ट २०२० ला नवी थार दाखवली, २ ऑक्टोबरला विक्रीला आली. नाशिकच्या कारखान्यात बनलेली. डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचं, पेट्रोल १५० चं. पुढे दोन एअरबॅग. मागचे पाटे जाऊन गोल स्प्रिंगा आल्या. पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली आणि ते पैसे कोविडच्या मदतीला दिले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले.

"बघ! ताकद जास्त, धूर कमी, जीव सुरक्षित," अकरावीवाला म्हणाला. "आता बोल!"

शिकाऊ पोरगा थोडा गप्प झाला. मग त्यानं पेटीतून एक पाना उचलला. "हा बघ. जुनी जीप डोंगरात बंद पडली, तर मी ह्यानं चालू करीन. एखाद वेळी तारेनं बांधीन. नवी बंद पडली, तर तिच्या पोटात काय दुखतंय ते कळायलाच मशीन लागतं. ते मशीन इथं कुणाकडे आहे? गाडी चांगली असेल रे, पण ती आमच्या हातातून गेली."

आता अकरावीवाला गप्प. कारण हेही अगदी खरं होतं. धूर स्वच्छ करायचा, तर इंजिनाला सेन्सर लागतात, संगणक लागतो, धुराच्या नळीत जाळ्या लागतात. ते काम पान्याने होत नाही. ज्या मिस्त्रीने वीस वर्षं कानाने इंजिनं ओळखली, त्याच्या कानाची किंमत अशी एका दिवसात कमी होते. नव्या गोष्टीचं कौतुक करताना हे आपण सहसा मोजत नाही.

वाद बरोबरीत सुटला असं मला वाटलं. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "सर, मी एक विचारू?"

आश्रमशाळेत दहावीत शिकणारी एक मुलगी सायकलचं पंक्चर काढायला आली होती. इतका वेळ ती चाक धरून उभी होती.

"त्या सातशेतली एक तरी आमच्या पाड्यावर आली का?"

दोघा पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. चिंचेवरचे पोपट तेवढे बोलत होते!

"आणि आली असती, तर मागच्या बाकावर कोण बसलं असतं? आम्हीच ना? मागं काय असतं ते तुम्ही कुणी बोललाच नाहीत. तुम्ही दोघं तर पुढच्याच सीटवर बसलात!"

दोस्तांनो, मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. मीसुद्धा मनातल्या मनात कधीचा स्टिअरिंगवर जाऊन बसलो होतो.

चुलीजवळ एक म्हातारे काका बिडी ओढत बसले होते. वीस-बावीस वर्षं त्यांनी याच घाटात जीप हाकली होती. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. कोपर वाकडंच जुळलेलं.

"ड्रायव्हर होण्याआधी मी क्लीनर होतो," ते म्हणाले. "मागच्या आडव्या बाकावर, कडेला. आत जागा नव्हती, निम्मा बाहेर. वळणावर ब्रेक लागला आणि बाकानं मला सोडलं. पुढं तोंड करून बसलं तर पाठ तरी टेकते. आडवं बसलं तर धरायचं कशाला? शेजारच्याला! मी ड्रायव्हर झालो तेव्हा जीप माझी फार लाडकी होती. आजही स्वप्नात येते. पण मागच्या माणसाला तिनं कधी धरून ठेवलं नाही, हेही खरं."

थोडं थांबून ते हसले. "चूक तिची एकटीची नाही. आठ जणांच्या जागेत वीस मी पण बसवलेत. बाजार सुटल्यावर नाही म्हणवत नव्हतं. दुसरी गाडी कुठं होती?"

बरं का, नव्या थारच्या एका प्रकारातही सुरुवातीला मागे अशी आडवी बाकं होती. तीही थोड्याच काळात बंद झाली. आता मागची माणसं पुढे तोंड करून, पट्टा लावून बसतात. पण त्यामुळे जागा झाली दोघांची. बाजाराहून परतणारं सगळं घर त्यात मावत नाही. म्हणजे मुलीच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर नव्या गाडीकडेही नाही. ते उत्तर आहे चांगल्या रस्त्याकडे आणि पाड्यापर्यंत वेळेवर जाणाऱ्या एस.टी.कडे.

मग काय, वाद कोण जिंकलं? मला विचाराल, तर जुनी थार थांबली ते बरंच झालं. शेवटच्या ७०० जणांनी ती जपावी, अधूनमधून चिखलात न्यावी. नुसती कापडाखाली झाकून ठेवली, तर तिलाच वाईट वाटेल. पण शिकाऊ पोराचं दुःखही खोटं नाही. त्याला नवं मशीन वापरायला कुणी शिकवलं पाहिजे आणि ते मशीन मोलगीपर्यंत पोचलं पाहिजे. नाहीतर गाडी सुधारेल आणि तो मागे राहील.

जाता जाता मी पाहिलं, तो मुलीच्या सायकलचं पंक्चर काढत होता आणि अकरावीवाला पंप मारत होता. वाद चालूच होता! आता विषय होता, थारच्या मागच्या सीटवर तीन माणसं बसवता येतील का?

आता तुमच्यासाठी एक काम. तुम्ही रोज ज्या गाडीतून शाळेत जाता, रिक्षा असो, जीप असो की एस.टी., तिच्यातली सगळ्यांत वाईट जागा कुठली ते शोधा. दोन दिवस मुद्दाम तिथंच बसा. धरायला काय आहे, पाय कुठं ठेवता येतात, ब्रेक लागला तर काय होतं, ते एका कागदावर लिहा, शक्य तर चित्रही काढा. आणि ती जागा सुधारायची तर काय करता येईल, तेही लिहा. तो कागद आधी घरी दाखवा, मग गाडीवाल्या काकांना दाखवा आणि मग आम्हांला पाठवा.

मात्र खिडकीची जागा सोडायला जिवावर येतंय, असं कुणी लिहायचं नाही हं! मला ठाऊक आहे, येतंच.