बंदुकीला विश्वस्त नको, वारस हवा

बंगळूरच्या आग्नेयेस, तमिळनाडूच्या सीमेला भिडलेला आनेकल तालुका गेल्या काही दशकांत ओळखू न येण्याइतका बदलला आहे. एका अंगाला बन्नेरघट्ट्याचे जंगल, दुसऱ्या अंगाला जिगणी, बोम्मसंद्र आणि अत्तिबेले येथील कारखाने. अशा भागांत जमिनीला मोल आले की ती कुटुंबाच्या खासगी न्यासात ठेवण्याचा सल्ला वकील देतात. मग घरातील परवान्याची बंदूकही त्याच न्यासात का नको, हा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मात्र नकारार्थीच असले पाहिजे.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातील परवान्याचा पाया अर्जदाराची पोलीस चौकशी हा आहे. उलट १८८२ च्या न्यास कायद्याखालील खासगी न्यास ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नव्हे. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती असते आणि विश्वस्त बदलू शकतात. चौकशी एकाची आणि बंदूक दुसऱ्याच्या हाती, असा प्रकार त्यातून उद्भवेल. अमेरिकेने हा अनुभव घेतला आहे. तेथे १९३४ च्या कायद्याने नियंत्रित केलेली शस्त्रे न्यासाच्या नावे घेतल्यास व्यक्तिगत अर्जदाराला लागणारी स्थानिक पोलीस प्रमुखाची संमती टाळता येत असे. अखेर जुलै २०१६ पासून न्यासातील प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे छायाचित्र व बोटांचे ठसे सक्तीचे करावे लागले.

आपल्याकडे तर २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू केली. न्यासाची मुभा म्हणजे या मर्यादेला पाडलेले भगदाडच ठरेल. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केल्याने फेरतपासणीचे प्रसंगही विरळ झाले आहेत.

कर्नाटकात अपवाद आहे तो कोडगूचा. कोडव समाज व जम्मा जमिनीचे धारक यांना परवान्यातून असलेली सूट केंद्राने २०२९ पर्यंत वाढवली आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. परंतु ती विशिष्ट परंपरेला दिलेली सूट आहे. आनेकलने तिचा दाखला देण्यात अर्थ नाही. येथे प्रश्न हेतूचा आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण शेताच्या जागी निवासी वसाहत उभी राहिल्यावर रक्षण कशाचे करायचे? परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र जमा करावे लागते आणि वारसाला नव्याने अर्ज करावा लागतो. हा प्रश्न विचारण्याची शासनाला मिळणारी ती संधी असते. न्यासाला मरण नसते. म्हणूनच ती संधीही तेथे उरत नाही.

वारसांची अडचण खोटी नाही. मात्र २०१६ च्या शस्त्र नियमांत तिच्यावर तोडगा आहे. परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले की, त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा विचार करता येतो. प्रशासनाने हा मार्ग लोकांपर्यंत पोहोचवावा, अर्ज वेळेत निकाली काढावेत आणि शेतजमीन बिगरशेती होताच पीकरक्षणाच्या परवान्याची फेरतपासणी करावी. जमीन कागदावर कुणाच्याही नावे असो. बंदुकीमागे उत्तर देणारा एक माणूस असलाच पाहिजे.