एम.आर.आय.ला जाताना पिना काढून ठेवा

भगिनींनो, डॉक्टरांनी 'एम.आर.आय. करून या' म्हटले की घरात दोन प्रश्न उभे राहतात. एक पैशांचा, दुसरा भीतीचा. 'त्या बोगद्यात करंट देतात, त्याने गाठ पसरते' असे सांगणाऱ्या शेजारणी प्रत्येक वस्तीत असतात. त्यात काडीचेही तथ्य नाही. या यंत्रात क्ष-किरणसुद्धा नसतात. असते ते प्रचंड चुंबक, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकदीचे.

आपल्या शरीरात पाणी भरपूर. त्यातील हायड्रोजनची अणुकेंद्रके रेडिओलहरींच्या धक्क्याने ढळतात आणि मूळ स्थितीत परतताना क्षीण संदेश देतात. त्यांतून संगणक चित्र उभे करतो. १९७१ साली अमेरिकेतील डॉ. रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या गाठींवर दाखवून दिले की, कर्करोगाच्या गाठीत हे परतणे निरोगी भागापेक्षा सावकाश होते. १९७७ मध्ये त्यांनी माणसाच्या छातीचे पहिले चित्र काढले, त्याला जवळजवळ पाच तास लागले! २००३ चे नोबेल मात्र लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळाले. डमेडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला.

आपल्या कामाची गोष्ट अशी. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुखापुरताच आहे की बाजूच्या भागात शिरला आहे, हे एम.आर.आय.मध्ये स्पष्ट दिसते. लहान गाठ मुखापुरती असेल तर शस्त्रक्रिया करता येते. बाजूला पसरली असेल तर शेक आणि औषधे हाच मार्ग. म्हणजे नको ते ऑपरेशन टळते. पुढे आतून शेक देतानाही हेच चित्र उपयोगी पडते. गुदाशयाच्या आणि मेंदूच्या गाठींतही तसेच. तथापि तुकडा काढून केलेली तपासणी चुकत नाही. कर्करोग आहे की नाही, हे ठरते त्या तुकड्यावरच. पाळी गेल्यानंतर अंगावरून रक्त जाऊ लागले तर एम.आर.आय.ची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडून आतून तपासून घ्या.

आता चुंबकाची खबरदारी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मरण पावला. पदराच्या पिना, केसांचे आकडे, दागिने बाहेरच ठेवा. हृदयात पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी सांगा.

सरकारी रुग्णालयात खर्च कमी, पण तारीख लांबची मिळू शकते. पैशांची अडचण असेल तर तेथील समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा. जाताना शिधापत्रिका न्या.