अनधिकृत कोण?

मुळशी तालुक्याला राज्यसंस्थेची ओळख 1921 साली पटली. टाटांच्या धरणासाठी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी भूसंपादन कायद्याच्या बळावर घेतल्या गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या खोऱ्याने सत्याग्रह केला. सत्याग्रह हरला, धरण उभे राहिले. 2001 साली शासनाने मुळशी व वेल्हे तालुक्यांतील गावांचे क्षेत्र गिरिस्थान म्हणून अधिसूचित केले व तेथे लवासा उभे राहू लागले. 2008 साली तर त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार बहाल झाले. 2010 साली पर्यावरण मंत्रालयाने पूर्वपरवानगीवाचून बांधकाम केल्याबद्दल काम थांबविले. परंतु 2011 साली पहिल्या टप्प्यास अटींसह परवानगी मिळाली. श्रीमंतांचे अतिक्रमण नियमित होण्यास एक वर्ष पुरले.

आता मुंबईच्या झोपडीवासीयाकडे पाहा. 1976 च्या गणनेत ज्याचे नाव आले, त्याला ओळखपत्र मिळाले. ज्याचे राहिले, तो 'अनधिकृत' ठरला. पुढे ती कालमर्यादा 1985, 1995, 2000 अशी सरकत गेली. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. मात्र रीतसर नोटीस देऊन झोपडी हटविण्याची मुभा शासनाकडे कायम राहिली. तारीख पुढे सरकवायची, पण हक्क द्यायचा नाही, हीच येथील राजनीती आहे. हक्क मिळालेला माणूस स्वतंत्र होतो. तारखेची वाट पाहणारा माणूस दर निवडणुकीला पुढाऱ्याच्या दारी येतो.

याचे अर्थशास्त्रही उघड आहे. घराचा खर्च मजुरीत धरावा लागला, तर मजुरी वाढवावी लागेल. झोपडी तो खर्च मजुराच्याच माथी मारते. शहराला स्वस्त श्रम हवे आहेत, श्रमिकाचा शेजार मात्र नको आहे.

हिंजवडीच्या काचेच्या इमारती याच मुळशी तालुक्यात आहेत. तशा इमारती बांधणारा परप्रांतीय मजूर पत्र्याच्या खोलीत राहतो. 1979 च्या स्थलांतरित मजूर कायद्याने आणि 1996 च्या बांधकाम मजूर कायद्याने त्याच्या निवासाची जबाबदारी ठेकेदारावर व मालकावर टाकली होती. कागदावर ती टाकणे सोपे होते. ज्याचे नाव येथील मतदारयादीत नाही, त्याच्यासाठी ती बजावून घेणार कोण? मुंबईच्या झोपडीला निदान मताची किंमत तरी आहे. या पत्र्याच्या खोलीला तीही नाही.

साथींनो, दोष केवळ सत्ताधाऱ्यांचा आहे असे म्हणून आपली सुटका होणार नाही. वस्तीत नळ आणून देणारा, दाखला काढून देणारा कार्यकर्ता नकळत त्याच दलालीच्या साखळीतली एक कडी बनतो. दाखला अवश्य काढून द्यावा. पण तो उपकार नसून हक्क आहे, हे त्याच बैठकीत सांगावे आणि पुढचा दाखला वस्तीच्या समितीने स्वतः काढावा, अशी तिची बांधणी करावी. आपली मागणीही कालमर्यादा वाढविण्याची नसावी. पर्यायी घर दिल्यावाचून कोणाचीही झोपडी हलवू नये आणि मजुराच्या निवासाची व्यवस्था तपासल्यावाचून कोणत्याही बांधकामास परवानगी देऊ नये, ही आपली मागणी असली पाहिजे.

लवासासाठी नियम वाकू शकतात, तर मजुराच्या खोलीपाशी येऊनच ते ताठ का होतात, हा प्रश्न मुळशीतूनच विचारला गेला पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्नही याच खोऱ्यातून आला होता.