नशिबाला दोष देण्यापूर्वी

दहावीच्या वर्गात संभाव्यतेचा धडा चालू होता. फासा, नाणे, पत्ते ही नेहमीची उदाहरणे संपली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो. सॅन दिएगोला चित्रकथांच्या चाहत्यांचे मोठे संमेलन भरते ना, कॉमिक-कॉन, तिथे जायला तो तीन वर्षे धडपडतो आहे. एकदाही बिल्ला मिळाला नाही. मामी म्हणते, त्याचे नशीबच खोटे. नशिबाला गणित असते का?"

वर्ग हसला. मलाही हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तासाची घंटा झाल्यामुळे त्या दिवशी उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पुरे करतो. मोठ्या गर्दीच्या ठिकाणी जायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेक जण एक तर सारे नशिबावर सोडतात, नाही तर "मी सगळे ठरवले आहे" अशा भ्रमात राहतात. माझ्या मते या दोन्ही वृत्ती सारख्याच अशास्त्रीय आहेत.

तीनशेंचे लाख कसे झाले?

हे संमेलन सुरू कोणी केले, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. शेल डॉर्फ हा पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ डेट्रॉइटहून सॅन दिएगोला राहायला आला. असे मेळावे भरवण्याचा त्याला अनुभव होता. पण त्याच्याभोवती जमलेले कित्येक साथीदार तुमच्याच वयाचे, शाळकरी किंवा नुकतीच शाळा संपवलेले होते. या मंडळींनी एकदम मोठी उडी घेतली नाही. २१ मार्च १९७० रोजी त्यांनी एका दिवसाचा लहान मेळावा घेतला. थोडा पैसा उभा करावा, लोकांना कळावे आणि आपल्याला हे जमते का ते पाहावे, हा त्यामागचा हेतू होता. आपण स्नेहसंमेलनाआधी रंगीत तालीम करतो, तशीच ही तालीम. मग १ ते ३ ऑगस्ट १९७० असे तीन दिवस, यू. एस. ग्रँट हॉटेलात पहिले मोठे संमेलन झाले. सुमारे तीनशे माणसे आली. पाहुण्यांत चित्रकार जॅक कर्बी होते आणि विज्ञानकथाकार रे ब्रॅडबरीही होते.

१९९१ पासून ते शहराच्या भव्य संमेलन केंद्रात भरते. अलीकडच्या काळात तेथे एक लाख तीस हजारांहून अधिक लोक येतात. तीनशे माणसांसाठी कोणालाच नियोजन करावे लागत नाही. दार उघडले की काम झाले. पण तीनशेंचे लाखावर गेले की केवळ आकडा वाढत नाही, प्रश्नाचे स्वरूपच बदलते. घागरभर पाणी सांडले तर फडक्याने पुसता येते. धरणाचे दार उघडायचे तर आधी हिशेब करावा लागतो.

सोडतीचे गणित

या संमेलनाचे प्रवेशपत्र, म्हणजे बिल्ला, दारावर विकत मिळत नाही. प्रथम सदस्य म्हणून नाव नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो, तोही ठरलेल्या मुदतीत. मग विक्रीच्या दिवशी सर्व इच्छुकांनी संगणकावरच्या प्रतीक्षाकक्षात यायचे. विक्री सुरू झाली की यंत्र त्यांचा क्रम सोडतीसारखा, कसाही लावते. वेळेत आत आलात की झाले. अर्धा तास आधी आल्याने क्रम वर जात नाही की पुन्हापुन्हा कळ दाबल्यानेही जात नाही. आदल्या वर्षी येऊन गेलेल्यांसाठी वेगळी, आधीची विक्रीही असते.

आता मामेभावाकडे वळू. बिल्ला मिळण्याची संभाव्यता एकचतुर्थांश आहे असे आपण धरून चालू. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. एका वर्षी न मिळण्याची संभाव्यता तीनचतुर्थांश. तीनही वर्षे न मिळण्याची संभाव्यता म्हणजे ३/४ चा तीनदा गुणाकार, २७/६४, सुमारे ४२ टक्के. म्हणजे दर शंभर प्रामाणिक इच्छुकांपैकी बेचाळीस जण तीन वर्षे हात हलवत परत येणारच. मामेभाऊ त्या बेचाळीसांतला एक आहे. यात नशीब खोटे कोठे आले? उलट, "आता चौथ्या वर्षी नक्की मिळेल" असे तो समजत असेल तर तीही चूकच. सोडतीच्या यंत्राला गेल्या तीन वर्षांची आठवण नसते. चौथ्या वर्षीही संभाव्यता तीच, एकचतुर्थांश.

मग माणसाने काहीच करू नये का? करावे. या विक्रीत एक जण आपल्याबरोबर आणखी एकदोन सदस्यांचे बिल्ले घेऊ शकतो. म्हणून तीन मित्रांनी ठरवून, आपापल्या संगणकावरून एकमेकांसाठी प्रयत्न केला, तर तिघांपैकी एकाचा तरी क्रम लागण्याची संभाव्यता १ वजा २७/६४, म्हणजे ३७/६४, सुमारे ५८ टक्के होते. पंचवीसचे अठ्ठावन्न! हा नियोजनाचा फायदा.

पण येथेच थांबू नका. सगळ्यांनीच असे तिघातिघांचे गट केले तर? बिल्ले तेवढेच आहेत. ज्याचा क्रम लागतो तो एकाऐवजी तीन बिल्ले नेतो, त्यामुळे तिसऱ्या भागाइतक्याच लोकांचा क्रम लागतो. हिशेब करून पाहा. प्रत्येकाची संभाव्यता पुन्हा एकचतुर्थांशावर येते. एका गटाची युक्ती ही सर्वांची युक्ती झाली की तिचा लाभ नाहीसा होतो. नियोजनाने आपली संधी वाढते, पण खुर्च्या वाढत नाहीत. हे ज्याला कळले तो हरल्यावर चिडत नाही आणि जिंकल्यावर फुशारकी मारत नाही.

मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्याने सदस्यक्रमांक मुदतीत घेतला नाही, त्याची संभाव्यता शून्य आहे. त्याने नशिबाचे नाव काढू नये. माझे मत असे, की नशिबाला दोष देण्याचा अधिकार फक्त त्यालाच आहे ज्याने आपल्या हातातली सर्व कामे वेळेवर केली आहेत. आणि गंमत अशी, की तो सहसा दोष देत नाही.

रांगेची लांबी आणि रांगेचा वेग

बिल्ला मिळाला म्हणजे सर्व मिळाले असे नाही. त्या केंद्रात 'एच' नावाचे एक प्रसिद्ध सभागृह आहे. गाजलेल्या चित्रपटांचे कलाकार तेथे येतात. खुर्च्या सुमारे साडेसहा हजार. एक लाख तीस हजार भागिले साडेसहा हजार, वीस. म्हणजे एका वेळी वीस जणांतल्या एकालाच तेथे बसता येते. शिवाय एक कार्यक्रम संपला की सभागृह रिकामे करत नाहीत. आत बसलेला पुढच्या कार्यक्रमालाही बसून राहू शकतो. म्हणून लोक आदल्या रात्रीपासून बाहेर पथारी पसरतात.

रांगेत उभा राहिलेला माणूस पुढे किती माणसे आहेत ते पाहतो. खरे पाहायला हवे ते रांग किती वेगाने सरकते. पुढे सहाशे माणसे आहेत आणि दारातून मिनिटाला वीस आत जातात, तर तीस मिनिटे लागतील. हे पाचवीतल्या मुलालाही येईल. पण त्या सभागृहातून कोणी उठतच नसेल, तर पुढे साठच माणसे असूनही दिवस जाईल. दहा मिनिटे घड्याळ लावून किती माणसे आत गेली ते मोजावे आणि मगच थांबायचे की दुसरीकडे जायचे ते ठरवावे. रांगेतला हा सर्वांत उपयोगी प्रयोग. साहित्य काय, तर एक घड्याळ.

रांगांचे शास्त्र जुने आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे दूरध्वनी कंपनीत काम करणारा गणिती एर्लांग याने १९०९ साली दूरध्वनीवर येणाऱ्या हाकांचे गणित मांडले आणि या शास्त्राचा पाया घातला. त्यातून निघालेला एक निष्कर्ष सर्वांनी वहीत लिहून ठेवावा असा आहे. एकच खिडकी आहे, माणसे अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त आहे, असे समजा. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर तेथे सरासरी एक माणूस असतो. नव्वद टक्के वेळ कामात असेल तर नऊ. पंच्याण्णव टक्के असेल तर एकोणीस! काम जेमतेम दुप्पट झाले, पण माणसे एकोणीसपट झाली. कोणतीही व्यवस्था काठोकाठ भरली की तुंबते.

काठोकाठ भरू नका

हाच नियम आपल्या वेळापत्रकालाही लागू पडतो असे मला वाटते. संमेलन चार दिवसांचे असते, आदल्या संध्याकाळची झलक वेगळी. कार्यक्रमपत्रिका साधारण दोन आठवडे आधी प्रसिद्ध होते. ती हाती पडताच उत्साही माणूस सकाळी दहापासून रात्रीपर्यंत प्रत्येक तास भरून टाकतो. कागदावर सारे जुळते. पण ते केंद्र पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब आहे. मोकळ्या रस्त्यावर हे अंतर नऊदहा मिनिटांचे. गर्दीत चाल तिसऱ्या हिश्शावर आली की अर्धा तास. पहिला कार्यक्रम दहा मिनिटे लांबला की दुसरा हुकतो, दुसरा हुकला की तिसऱ्याच्या रांगेत उशीर होतो आणि दुपारपर्यंत वेळापत्रकाचा चुराडा होतो.

म्हणून माझा सल्ला असा. प्रत्येक दिवसासाठी 'हे पाहायचेच' असे एक निवडा. 'जमले तर पाहू' असे दोन निवडा. उरलेला वेळ मोकळा सोडा. काही जण म्हणतील, एवढे पैसे खर्चून गेल्यावर वेळ मोकळा सोडायचा? होय. ध्यानीमनी नसता एखादा चित्रकार कोपऱ्यात बसून चित्र काढताना दिसतो आणि त्याच्याशी दोन शब्द बोलता येतात. ही भेट मोकळ्या वेळातच होते. योगायोगाला यायला जागा ठेवणे, हाही नियोजनाचाच भाग आहे.

शरीराचे आणि इतरांचे भान

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. चाहत्यांच्या संमेलनांत एक जुना नियम सांगतात, पाच-दोन-एक. रोज निदान पाच तास झोप, दोन वेळा नीट जेवण आणि एक अंघोळ! ऐकून हसू येते, पण उत्साहाच्या भरात माणूस नेमके हेच विसरतो. पाच तासही वाढत्या वयाच्या मुलांना कमीच. पायांत सवयीचे बूट, जवळ पाण्याची बाटली आणि काही खाऊ, आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची आधी ठरवलेली जागा, हे घरूनच ठरवावे. हजारो माणसे एका छताखाली आली की सर्दी-खोकलाही त्यांच्याबरोबर येतो. हात धुवावेत आणि आपण आजारी असलो तर घरी राहण्याचे धैर्य दाखवावे.

गर्दीत धोका केव्हा निर्माण होतो, याचाही अभ्यास झाला आहे. एका चौरस मीटरमध्ये चारपाच माणसांहून अधिक दाटी झाली की स्वतःच्या इच्छेने हलणे अवघड होऊ लागते. त्याहून वाढली तर गर्दी द्रवासारखी वाहू लागते आणि एकाला बसलेला धक्का दूरवर पोहोचतो. अशा वेळी पुढे घुसणारा माणूस स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो.

२०१२ साली संमेलन सुरू होण्याच्या थोडे आधी, केंद्राबाहेरचा रस्ता घाईने ओलांडून रांगेकडे जाणाऱ्या एका चाहतीला मोटारीची धडक बसली आणि ती मरण पावली. एका कार्यक्रमातली खुर्ची मिळवण्यासाठीची ती धाव होती. जगात असा एकही कार्यक्रम नाही जो चुकल्याने एवढे नुकसान होते. "हे हुकले तरी चालेल" हे वाक्य ज्याच्या योजनेत आधीच लिहिलेले असते, तो असा धावत नाही. यशाची योजना सगळेच करतात; अपयशाची योजना करून ठेवणे, हेच माझ्या दृष्टीने खरे नियोजन.

त्या मुलाला आता पुरे उत्तर देता येईल. नशिबाला गणित असते, बाळ. त्याचे नाव संभाव्यता. ती एकावर कधी नेता येत नाही, पण शून्यावर मात्र आपल्या आळसाने सहज नेता येते. मामेभावाला सांग, मुदतीत नाव नोंदव, दोन मित्र जोड, आणि पुन्हा नाहीच मिळाला बिल्ला तर त्या आठवड्यात कोठे जायचे तेही आजच ठरवून ठेव.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला सॅन दिएगोपर्यंत जाण्याची गरज नाही. पुढच्या वेळी कोणत्याही रांगेत उभे राहाल, तेव्हा कुरकुर करण्यापूर्वी घड्याळ लावा आणि दहा मिनिटांत किती माणसे पुढे सरकली ते मोजा. आपला अंदाज वहीत लिहा आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळेशी ताडून पाहा. दोनचार वेळा अंदाज चुकेल. का चुकला, ते शोधू लागलात की समजा, तुमचे विज्ञान सुरू झाले.