हिरव्या पट्ट्यातली घसरण

समजा, सहा महिन्यांच्या एका मुलीचे वजन ७.३ किलो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार या वयाच्या मुलीचे हे अगदी मधले वजन. पहिल्या वाढदिवसाला तिला पुन्हा काट्यावर ठेवले आणि वजन भरले तेवढेच, ७.३ किलो. सहा महिन्यांत काहीच वाढ नाही. तरीही नोंदीत ती ‘साधारण’ गटातच राहते, कारण वर्षाच्या मुलीचे वजन ७ किलोच्या खाली गेले तरच ते ‘कमी’ धरले जाते. आलेखाच्या हिरव्या पट्ट्यात राहूनच ती घसरत गेली.

आपल्या पोषण यंत्रणेची खरी अडचण इथे आहे. अंगणवाडीत मुलांची वजने होतात, मार्च २०२१ पासून ती ‘पोषण ट्रॅकर’ या अ‍ॅपमध्ये भरली जातात. पण आढावा घेताना विचारले जाते ते तीव्र कुपोषित किती आणि मध्यम कुपोषित किती. गेल्या दोन महिन्यांत किती बाळांचे वजन वाढलेच नाही, हे क्वचितच विचारले जाते. मूल एका रात्रीत तीव्र कुपोषित होत नाही. त्याआधी काही महिने त्याची रेषा सपाट झालेली असते आणि उपाय सोपा असतो तो तेव्हाच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील तीव्र कृश मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ९.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते १०.९ टक्के झाले. वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुले ३४.४ वरून ३५.२ टक्क्यांवर गेली. नुसत्या मोजण्याने वजन वाढत नाही, हे त्यातून दिसते.

भारतीय मुलांसाठी वेगळे निकष हवेत, असा वाद तज्ज्ञांमध्ये आहे. सध्याचे २००६ चे निकष सहा देशांतील मुलांच्या अभ्यासावर आधारलेले असून त्यात दिल्लीचीही मुले होती. वाद जरूर व्हावा. पण निकष कोणताही लावला तरी सपाट रेषा सपाटच दिसणार.

मोजमाप मात्र नेमके हवे. दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवूनच मोजायची आणि त्यासाठी दोन माणसे लागतात. काटा शून्यावर हवा, बाळाच्या अंगावर कमीत कमी कपडे हवेत. एका सेविकेवर डझनभर कामे टाकून ही अचूकता मिळणार नाही.

सहा महिन्यांनंतर रेषा सपाट होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे वरचे अन्न उशिरा, पातळ आणि कमी वेळा दिले जाणे. वरणाचे पाणी किंवा चहात बुडवलेले बिस्कीट हे बाळाचे जेवण नव्हे. कुस्करलेला वरणभात किंवा घट्ट खिमट, त्यात चमचाभर तूप वा तेल, जमेल तसे अंडे, आणि सोबत अंगावरचे दूध चालूच ठेवावे. आहार बरा असूनही वजन वाढत नसेल, तर जुलाब, वारंवार होणारा संसर्ग किंवा हृदयाचा आजार तपासावा लागतो.

वजनाबरोबर विकासाकडेही लक्ष हवे. दोन महिन्यांच्या सुमारास आईकडे पाहून हसणे, चार महिन्यांत मान धरणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणे, दीड वर्षापर्यंत चालणे. एखादी पायरी राहिली, तर ‘आमच्यात मुले उशिराच चालतात’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या बहुतेक आयांकडे बाळाचे कार्ड असते. लशींच्या तारखा भरलेल्या असतात, वाढीच्या आलेखाचे पान कोरे असते. अ‍ॅपमधली नोंद वरिष्ठांपर्यंत पोहोचते, पण बाळाला भरवणारी असते ती आई. म्हणून प्रत्येक वजनानंतर कार्डावर ठिपका द्यावा, मागच्या ठिपक्याला जोडावा आणि रेषा कुठे चालली आहे ते तिला दाखवावे. पालकांनीही ‘वजन किती?’ एवढ्यावर न थांबता ‘मागच्या वेळेपेक्षा किती वाढले?’ असे विचारावे.